वैशंपायनबाईंचा स्पीडब्रेकर

कोथरूडच्या त्या सोसायटीत शिरताना गेटच्या आत एक स्पीडब्रेकर आहे. सरकारी मापाशी त्याचा काडीचा संबंध नाही. नवा माणूस स्कूटरवरून आला की आधी तो उडतो, मग त्याचा डबा उडतो, आणि मग तो मागे वळून कुणाला तरी शिव्या घालतो. त्या शिव्या ज्यांना लागायच्या त्या सरोजिनी वैशंपायन पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीत कढीपत्त्याला पाणी घालत उभ्या असतात आणि म्हणतात, "हळू आला असतात तर उडला नसतात."

सरोजिनीबाईंनी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात केली. आवाज खणखणीत, वजन म्हणाल तर बेचाळीस किलो, तेही बांगड्यांसकट. पण सोसायटीच्या सभेत त्या उभ्या राहिल्या की भलेभले मोबाइल खिशात घालायचे. हा ब्रेकर त्यांनी असाच सभेत भांडून मिळवला होता. कारणही तसंच होतं. त्यांचे यजमान दिगंबरराव एका संध्याकाळी दही घेऊन येत होते आणि गेटातून एक मोटरसायकल सुसाट आत आली. दही गेलं, मांडीचं हाड गेलं. पुढे हातात काठी आली ती कायमची. दिगंबरराव मूळचे भटके, पण त्यानंतर बाल्कनीच्या बाहेरचं जग त्यांना नकोसं झालं. खाली गाडीचा आवाज आला की खुर्चीतूनच विचारायचे, "अगं, कोण गेलं एवढ्या जोरात?"

ब्रेकरचं सिमेंट ओतलं त्या दिवशी मात्र ते खाली उतरले. खुर्ची टाकून बसले आणि गवंड्याला सूचना देऊन देऊन त्याचा जीव खाल्ला. शेवटी सिमेंट वाळलंय का ते बघायला त्यांनी मधोमध काठी टोचली. वाळलेलं नव्हतं. छान गोल खळगा पडला.

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

"सही केली," दिगंबरराव म्हणाले.

चार वर्षांनी ते झोपेतच गेले. काठी दाराच्या मागे राहिली आणि खळगा खाली राहिला. सरोजिनीबाई रोज सकाळी दूध आणायला जाताना तिथे क्षणभर थांबायच्या. कुणी पाहिलंच तर चप्पल नीट करतेय असं दाखवायच्या.

आता अशा बाईच्या गॅरेजमध्ये स्पोर्ट्‌स कार तयार व्हावी, याला काय म्हणावं! पण झालं ते असं. जुनी गाडी विकल्यापासून गॅरेजात एक लुना आणि आकाशकंदील एवढंच पडून होतं. गॅरेज भाड्याने मिळेल का विचारायला एक मुलगी आली. अस्मिता तिचं नाव. राहायची कसब्यात, चांगली इंजिनिअर, आणि बरोबर शुभंकर नावाचा एक उंचाडा मुलगा. तो वर्ध्याचा. खराडीतली गलेलठ्ठ नोकरी सोडून आला होता.

"गाडी बनवायचीये काकू," अस्मिता म्हणाली.

"दुरुस्त करायचीये म्हण."

"नाही, बनवायचीये. पहिल्यापासून. दोन सीटची स्पोर्ट्‌स कार."

"आणि पळणार किती?"

"दोनशेच्या वर जाईन पाहा," शुभंकर छाती फुगवून म्हणाला.

"दोनशे? कुठे, कर्वे रोडवर?" सरोजिनीबाईंनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं. "जागा देते. पण आवारात माणूस चालतो त्या वेगाने. एकदा जरी जोरात गेलात तर गॅरेज रिकामं. आणि दुपारी ठोकाठोक चालणार नाही."

का दिली जागा? हे त्यांचं त्यांनाही धड सांगता आलं नसतं. वेगाचा त्यांना मनापासून राग होता. पण त्या मुलीने 'बनवायचीये' हा शब्द ज्या तऱ्हेने उच्चारला, तसं कुणी बोललेलं त्यांनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. आजूबाजूला जो तो विकत घ्यायच्या गोष्टी करत होता.

गाडी वाढायला लागली. आधी नुसता नळ्यांचा सांगाडा. मग कुठल्याशा अपघाती गाडीतून काढलेलं इंजिन आलं. कसब्यातल्या एका तांबटाने बोनेटचा पत्रा ठोकून दिला, तो रिक्षात आडवा घालून अस्मिता घेऊन आली आणि लेकरू आणावं तसा उतरवून ठेवला. दुपारी ठोकाठोक नको म्हणणाऱ्या सरोजिनीबाईंना एका दुपारी खालून काहीच आवाज येईना, तेव्हा चैन पडेना. शेवटी त्या खाली गेल्या. "काय रे, मेलात की काय?" दोघं जमिनीवर बसून मुकाट वायरी लावत होती. बाईंनी वर जाऊन थालीपीठं लावली.

गाडी इतकी बसकी होती की सरोजिनीबाईंनी तिला घोरपड म्हणायला सुरुवात केली. पोरांनाही ते आवडलं. घोरपड गॅरेजातून निघून आवारातल्या कडुलिंबापर्यंत जायची आणि उलटी परत यायची. माणसाच्या चालीने, अर्थात. बाई बाल्कनीतून बघत. एकदा त्यांना स्वतःचीच लाज वाटली. ज्या वेगाने आपल्या नवऱ्याचं हाड मोडलं, त्यालाच आपण थालीपीठं खाऊ घालतोय की काय? पण खालून पोरांच्या हसण्याचा आवाज आला आणि त्यांना बरं वाटलं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यांनी त्या दोन्ही तशाच राहू दिल्या.

अखेर गाडी बाहेर न्यायचा दिवस ठरला. शहराबाहेरच्या चाचणीच्या ट्रॅकवर मोठ्या मिनतवारीने एक दिवस मिळाला होता. तो हुकला तर पुढचा थेट दिवाळीनंतर. त्यातून एक दंतवैद्य बाई गाडी पळताना पाहायला तिथे येणार होत्या. पसंत पडली तर पहिलं गिऱ्हाईक त्याच. गाडी वाहून नेणारा सपाट ट्रक सकाळीच येऊन थांबला होता, पण गेटच्या कमानीतून तो आत येईना, म्हणून घोरपडीला स्वतःच्या चाकांनी बाहेर जाणं भाग होतं. बाईंनी पाट मांडून त्यावर हळदीकुंकू, नारळ असं सगळं साग्रसंगीत ठेवलं. पूजा झाली, चाकाखाली लिंबू फुटलं, पेढे वाटले गेले. अस्मिता गाडीत बसली आणि गाडी ऐटीत गेटाकडे निघाली.

ब्रेकरपाशी आवाज आला, खर्रर्र!

गाडीची पुढची खालची कड ब्रेकरला घासली होती. अस्मिता उतरली, वाकली, आडवी झाली आणि उठून तिथेच बसून राहिली. "शुभ्या, आपण ट्रॅकचं माप धरलं. रस्त्याचं धरलं. हा ब्रेकर मोजलाच नाही."

"रोज तर त्याच्यावरून येतो ना बाप्पा आपण!" शुभंकरने कपाळाला हात लावला.

सोसायटीचे चेअरमन परचुरे धावत आले. या ब्रेकरने आपले मणके सरकले असं ते गेली बारा वर्षं येईल त्याला सांगत होते. "चला, सगळे मिळून उचलू!" ते बाह्या सारत म्हणाले.

"हात लावू नका!" अस्मिता किंचाळली. "पत्रा दबेल."

"मग फोडा!" परचुऱ्यांचा चेहरा उजळला. "वॉचमन, पहार आण!"

वॉचमन पहार घेऊन आला आणि सगळ्यांनी सरोजिनीबाईंकडे पाहिलं. ब्रेकर सोसायटीचा होता, पण तो कुणाचा आहे हे तिथल्या मांजरालाही माहीत होतं. बाईंना तो खळगा दिसत होता. कालच्या सरीचं चमचाभर पाणी त्यात साचलं होतं. एवढंसं भोक ते, पण दिगंबररावांनी बाहेरच्या जगात केलेली ती शेवटची गोष्ट होती. आणि समोर ही दोन पोरं, कामापुढे ताट थंड होऊ देणारी, तोंडं पांढरीफटक करून उभी.

"फोडा," त्या म्हणाल्या. आवाज खणखणीत आला नाही. "नंतर परत बांधता येईल."

वॉचमनने पहार उचलली. अस्मिताने ती वरच्या वर धरली. दिगंबररावांच्या सहीची गोष्ट तिने चहा पिता पिता किती वेळा ऐकली होती.

"नाही काकू. परत बांधला तरी तो हा नसेल."

"अगं, गाडीचा दिवस जाईल!"

"जाऊ दे. या शहरात असे हजारो ब्रेकर आहेत. कुठला कुठला फोडत जाऊ? गाडी अडली ही आमची चूक आहे, ब्रेकरची नाही." एवढं बोलून ती मुलगी रडायलाच लागली.

पूजेचं तबक बाजूला सारून सरोजिनीबाई मटकन पाटावर बसल्या.

"उठा वैशंपायनबाई," परचुरे म्हणाले, "पाटावर बसून काय होणार? लग्न लागतंय का?"

बाई परचुऱ्यांना काहीतरी झणझणीत सुनावणार होत्या. पण त्या उठल्या, पाटाकडे पाहिलं, ब्रेकरकडे पाहिलं आणि परत पाटाकडे. "परचुरे, तुमच्या माळ्यावर पाट किती आहेत?"

"पाट? असतील आठ-दहा. का?"

"सगळे आणा. ब्रेकरच्या अलीकडे आणि पलीकडे चाकांखाली पाट घातले तर गाडी तेवढी वर उचलली जाईल की नाही गं?"

अस्मिताने नाक पुसलं. "जाईल. पण पाट मोडतील काकू."

"का मोडतील? सागवानी आहेत. नातवाच्या मुंजीत परचुरे पंगतभर बसले होते त्यांच्या पाटावर. तो शाबूत आहे. मग चाकाला काय धाड भरलीये?"

मग जी काही पळापळ झाली! माळे उघडले, कोळिष्टकं झटकली गेली. कुणाचा रंगवलेला, कुणाचा पितळी फुलं ठोकलेला, कुणाच्या रुखवतात आलेला आणि अजून कागदातच असलेला. गाडी जरा मागे घेतल्यावर शुभंकरने आधी एकेक, मग दोन-दोन असे पाट रचत दोन्ही बाजूंना चढ-उतार केला. लांबून बघणाऱ्याला पंगतच मांडल्यासारखी वाटली असती.

एक अडचण उरली. इंजिन चालवून जायचं तर पाट मागे सटकणार, म्हणजे गाडी ढकलायची. आत बसून स्टिअरिंगचं चाक धरणारं माणूस जितकं हलकं तितकी गाडी वर. सगळ्यांच्या नजरा पुन्हा सरोजिनीबाईंकडे वळल्या.

"माझ्याकडे काय बघताय? मी आयुष्यात लुनाशिवाय काही चालवलेलं नाही."

"सरळच तर धरायचं आहे काकू. अन् तुमच्यापेक्षा हलकं इथं कोण हाय?" शुभंकर म्हणाला.

त्यांना अस्मिता आणि शुभंकरने धरून बाळाला पाळण्यात घालावं तसं सीटवर ठेवलं. गुडघे कुरकुरले. समोर तांबटाचं ते गोलसर बोनेट चमकत होतं आणि त्याच्या पुढचं काहीच दिसत नव्हतं. बाईंनी चाक असं घट्ट धरलं की बोटं पांढरी झाली.

"हळू रे!" त्या ओरडल्या. "हळू!"

मागून दहा-बाराजणांनी जोर लावला. सगळ्यांत पुढे परचुरे, मणके विसरून. पाट करकरले. गाडीचं नाक वर आलं, ब्रेकरच्या पलीकडे गेलं. आता पोट त्या खळग्यावरून जात होतं. सरोजिनीबाईंनी श्वास रोखला आणि कान दिले. खर्रर्र झालं नाही. काहीच झालं नाही. फक्त शेवटी एक 'कड्‌' असा आवाज आला, तो परचुऱ्यांच्या पितळी फुलांच्या पाटाचा. मागची चाकं उतरली आणि घोरपड गेटाबाहेर रस्त्यावर उभी राहिली. दोनशेच्या वर जाणारी ती गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आणली ती सरोजिनी वैशंपायन यांनी, गोगलगायीच्या चालीने, आणि उतरताना त्या एवढ्या हसत होत्या की त्यांना आधी उभंच राहता येईना.

ट्रॅकवर गाडी पळाली. दंतवैद्य बाईंनी आपल्यासाठी पिस्ता रंगाची एक सांगितली. संध्याकाळी पोरं पेढे घेऊन वर आली, तेव्हा बाईंनी दाराच्या मागची काठी काढून अस्मिताच्या हातात दिली. "पुढच्या गाडीखालून ही गेली पाहिजे. ब्रेकरच्या डोक्यावर मधोमध आडवी ठेवायची. धक्का लागला तर गाडी नापास."

ती पिस्ता रंगाची घोरपड मार्चमध्ये तयार झाली. दंतवैद्य बाई स्वतः घ्यायला आल्या. गेटपाशी गाडी थांबवलेली पाहून त्यांनी विचारलं, "स्पोर्ट्‌स कार म्हणजे आणखी खाली असते ना? ही एवढी उंच का?"

"आमच्या काकांची काठी जाते, तेवढी," अस्मिता म्हणाली.

या खेपेला पाट नव्हते. सरोजिनीबाईंनी स्वतः वाकून खळग्यावर काठी आडवी ठेवली आणि बाजूला झाल्या. अस्मिताने गाडी घातली. पुढची चाकं काठीच्या दोन्ही अंगांनी चढली, उतरली, मग मागची. परचुरे ओणवे होऊन बघत होते. काठी ठेवली होती तशीच पडलेली होती.

सरोजिनीबाईंनी ती उचलली, पदराने पुसली आणि तिचं टोक खळग्यात टेकवलं. अजून नेमकं बसत होतं. आज त्यांनी चप्पल नीट करायचं सोंग केलं नाही.

"अहो," त्या म्हणाल्या, "गाडी गेली. अगदी हळू गेली."