घासलेल्या नंबरची चिप

नालवाडीतल्या अच्युतराव पांढरीपांड्यांकडे कुणी गेलं, की ते आधी पाणी विचारत आणि लगेच पुढचा प्रश्न टाकत, "तुमच्याकडे एखादा बंद पडलेला कॉम्प्युटर आहे का?" पाहुणा हसायचा. अच्युतराव हसत नसत.

शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी सगळी नोकरी काढली. शाळेला मिळालेले सरकारी कॉम्प्युटर दहाएक वर्षांत भंगारात निघाले, तेव्हा त्यांतला एक त्यांनी घरी आणला आणि त्याला फ्लॉपी ड्राइव्ह जोडला. मग तसेच संच ते दुसऱ्यांसाठी बांधू लागले. रिकामा ड्राइव्ह, हाताने जोडलेला बोर्ड, केबल आणि पुडीत बांधलेल्या चिपा. अमरावती-जबलपूरचे त्यांच्यासारखेच चक्रम मास्तर हे संच पोस्टाने मागवत. अडचण एकच होती. या चिपा बनवणं कंपन्यांनी कधीच सोडलं होतं. मिळाली तर ती एखाद्या मेलेल्या मशीनच्या पोटातूनच मिळायची.

आणि जिथे टंचाई तिथे लबाडी आलीच. भलत्याच चिपेवरचा नंबर घासून त्यावर हवा तो नंबर छापायचा, असा धंदा जोरात होता. दिल्लीहून आलेली अख्खी पुडी एकदा खोटी निघाली, तेव्हापासून अच्युतराव ताकही फुंकून पीत. नवी चिप आली की थिनरमध्ये भिजवलेला कापूस तिच्या पाठीवरून फिरवायचा. शाई सुटली तर खोटी. त्यातून वाचली तर ड्राइव्हमध्ये बसवून गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत दोन दुपारी चालवायची. वर्ध्याचं ऊन सोसलं, तरच ती खरी. त्यांची बायको इंदिराबाई म्हणायच्या, "मले पसंत करताना इतकी पारख नाई केली तुम्ही."

इंदिराबाई आंजीच्या शाळेत शिक्षिका होत्या. कापूस वेचणाऱ्या बायका हात चालवता चालवता ज्या गोष्टी सांगत, त्या त्यांनी वर्षानुवर्षं वह्यांत उतरवल्या आणि निवृत्तीनंतर या कॉम्प्युटरवर रोमन अक्षरांत टाइप केल्या. वह्या वाळवीने खाल्ल्या, त्याचं तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. फ्लॉपीवर सगळं होतं, तेही तीन प्रतींत. पुढे काचबिंदूने इंदिराबाईंची नजर गेली. सांगणाऱ्या बायकाही एकेक करून गेल्या. वच्छलाबाई शेवटची.

दोन हजार एकच्या मे महिन्यात पुतण्या सुमीतचा पुण्याहून फोन आला. पुस्तक छापायला एक प्रकाशक तयार होता. सुमीत आपला कॉम्प्युटर आणि केबल घेऊन एका दिवसासाठी येणार होता, सगळं उतरवून घ्यायला. इंदिराबाईंनी त्या दिवशी दोनदा चहा केला, चाचपडत. आणि त्याच आठवड्यात विजेचा दाब वरखाली झाला आणि ड्राइव्हमधली एक चिप जळली. फ्लॉपीवर लिहायची परवानगी द्यायची की नाही, हे ठरवणारी चिप.

अच्युतरावांनी सगळे डबे उपसले. नागपूरला जाऊन आले. शेवटी रूपराव भंगारवाल्याने एक चिप पुढे केली. नवी कोरी, चकचकीत. मेलेल्या मशीनमधली चिप इतकी चकचकीत कशी, हे त्यांच्या मनात आलं.

"काऊन इतका विचार करून राह्यले सर?" रूपराव म्हणाला. "तुमाले दुसरी नाई भेटनार. घेऊन जा."

गरजवंताला अक्कल नसते. घरी येऊन त्यांनी कापूस फिरवला. कापूस किंचित काळपट झाला. अच्युतरावांनी तो बराच वेळ पाहिला, धूळ असेल असं स्वतःला सांगितलं आणि टाकून दिला.

"कशी आहे?" इंदिराबाईंनी विचारलं.

"चांगली आहे."

दुसऱ्याच सकाळी सुमीत यायचा होता, त्यामुळे टिनाच्या खोलीला वेळ नव्हता. पहाटेच्या गारव्यात त्यांनी एक कोरी फ्लॉपी घालून पाहिली. ड्राइव्ह गुणी बाळासारखा चालला. पण सुमीतची गाडी लेट झाली, आणि तो घरात पाऊल टाकेपर्यंत भर दुपार झाली होती. कूलरमधूनही गरम झळाच येत होत्या.

पहिली फ्लॉपी घातली. ड्राइव्ह फिरला, दिवा लागला, आणि पडद्यावर चूक दाखवणारी एक ओळ आली. बुरशी लागली असेल, अच्युतराव म्हणाले, आणि दुसरी घातली. पुन्हा तीच ओळ.

"काका, जरा थांबू या का?" सुमीत म्हणाला.

थांबायला हवं होतं. एवढा फुंकून पिणारा माणूस, पण त्याला वाटलं, दोन्ही एकाच कपाटात होत्या, दोन्हींना ओल लागली. तिसरी इंदिराबाईंच्या पेटीत होती, लुगड्यांच्या घडीत. त्या स्वतः भिंत धरत जाऊन ती घेऊन आल्या आणि त्यांच्या हातात दिली. लिहिणं अडवायला खाचेवर लावलेली चिकटपट्टी अजून शाबूत होती. अच्युतरावांनी अंगठ्याने ती दाबून पाहिली आणि फ्लॉपी आत सरकवली.

तिसऱ्यांदा तीच ओळ आल्यावर त्यांनी ड्राइव्हच्या उघड्या पोटात बोट घातलं. चिपेचा चटका बसला. मग त्यांना सगळं कळलं. तापल्यावर ती चिप पट्टीला न जुमानता आपोआप लिहिणं चालू करत होती. ड्राइव्ह वाचत नव्हता, पुसत होता. ज्या फ्लॉपीला हात लावला ती त्यांनी आपल्या हाताने पुसली होती.

"आलं का?" इंदिराबाई खुर्ची पुढे ओढून बसल्या. "पहिली वाचा ना. मले ऐकायची आहे."

सुमीतने मान खाली घातली. अच्युतरावांनी रिकाम्या पडद्याकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

"पवनारला एक म्हातारी होती. तिनं ठरवलं, सून आणीन तर धाम नदीच. हळदकुंकू घेतलं अन् गेली काठावर..."

त्यांनी शेवटपर्यंत सांगितली, एकही शब्द न चुकता. इंदिराबाईंचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. गोष्ट संपली तशी त्या समाधानाने हसल्या.

"हे तर तुमाले पाठच आहे," त्या म्हणाल्या. "पुढची वाचा. बाकीच्या मले आता आठवत नाई."