ऐनाची फळी

मृदुलेचं पत्र चैत्रात आलं. मी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि उत्तर दिलं नाही. तिचे वडील, माझा मित्र वामन सामंत, गेल्या दिवाळीत वारले. त्यांचं सुतारकामाचं दुकान आता ती चालवते. चौकटीचे कोन कापताना करवत सरळ धरून ठेवणारा वामनचा लाकडी साचा वाकला होता. तिनं लिहिलं होतं, "काका, बाबांनी जपलेली ऐनाची फळी आहे, दगडासारखी कठीण. नवा साचा तिचाच करू का? तुम्ही दोघं मिळून साचे करायचात, म्हणून विचारते."

मी ग्रंथपाल होतो. सुतारकाम हा माझा नुसता छंद. मी काय सांगणार?

जेवण झालंय. लोखंडी आरामखुर्चीत डोळे मिटतायत. पुस्तकांच्या कपाटापाशी वामन उभा आहे. कपाटात पुस्तकांच्या जागी फळ्या आहेत.

"ही काढ," तो म्हणतो.

मी काढतो. ऐन. जड.

"कशी वाटते?"

"मला काय कळतंय, वामन."

"तुला कधीच काही कळत नाही. मग माझे साचे कोण तपासायचं, तुझी बायको?"

मी फळीचं टोक उजेडाकडे धरतो. झाडाच्या वाढीची वर्तुळं आडवी पडली आहेत, पसरट वाटीसारखी.

"कठीण आहे," मी म्हणतो, "पण पावसात फुगेल. वळेल."

आम्ही वखारीत आहोत. जमिनीवर घोट्याएवढं खाडीचं पाणी आहे. फळी माझ्या हातातच वाकू लागते, कुणी झोपेत कूस बदलावी तशी.

"मग कशाचा करावा?"

"जुन्या खिडकीच्या चौकटीचं सागवान. बरेच पावसाळे खाऊन वळायचं थांबलेलं. टोकाला रेषा उभ्या दिसणारं."

"मग लिही की तिला."

"तुझी फळी आहे ती. नको म्हणून कसं सांगू?"

वामन पाण्याकडे बघत राहतो. "माझी आहे म्हणून सरळ राहील का ती? साचा चुकला की पोरीची प्रत्येक चौकट चुकेल. लोक म्हणतील, बापाचा हात नाही आला."

"आणि फळीचं काय?"

"दारात बाक कर म्हणावं. बाक जरासं वळलं तर बसणारा काही बोलत नाही."

मी फळी त्याच्यापुढे धरतो. तो हात पुढे करत नाही. पाणी त्याच्या गुडघ्यांपर्यंत आलंय, माझ्या मात्र घोट्यापर्यंतच. फळी माझ्या बोटांमधून घसरते.

जाग येते. अंगठा ठणकतोय. त्यात लाकडाचं गडद तपकिरी कुसळ रुतलंय. खुर्ची लोखंडाची आहे. घरात ऐनाचं काहीही नाही.

कुसळ न काढताच मी लिहायला बसतो. "मला खात्री नाही, पण" अशी सुरुवात होते. ती खोडतो. नव्या कागदावर लिहितो : "मृदुला, साच्यासाठी ती फळी कापू नकोस." मग सागवानाचं लिहितो, उभ्या रेषांचं, बाकाचं.

उन्हातच पोस्टापर्यंत चालत जातो. पाकीट पेटीच्या फटीत धरून थोडा वेळ उभा राहतो. मग सोडतो.