आधी आजाराचं नाव सांगा

“यांना घरी काम कमी आहे का हो?”

डॉक्टरांनी माझा कागद दोन बोटांत धरून विचारलं. मला नाही. माझ्या नवऱ्याला.

जळगावातलं मोठं हॉस्पिटल. पेशंटच्या खुर्चीत मी. दीड पान नीट लिहून नेलं होतं. कधीपासून दुखतं, कुठे दुखतं, कोणी काय औषध दिलं. आधी अ‍ॅसिडिटी म्हणाले. मग जंत. मग अपेंडिक्स, तो काढलाही. दुखणं जागचं हललं नाही. मग टेन्शन. शेवटची ओळ होती, ‘दुखतं तेव्हा उभं राहता येत नाही.’ डॉक्टर तिथपर्यंत पोचलेच नाहीत. कागद टेबलाच्या कडेला सरकवला आणि त्यावर फोन ठेवला.

“दोन मुलं झालीत ना?”

“हो साहेब,” नवरा म्हणाला.

“मग पिशवी काढून टाकू. कटकट मिटेल. तुमचीही.”

मागे उभे असलेले दोघे ज्युनिअर हसले. नवराही हसला. साहेब हसले की हसायचं असतं, तेवढं.

मी विचारलं, “पण मला नेमकं झालंय काय?”

“बाई, डॉक्टर तुम्ही की मी?”

पुढचा मंगळवार ठरला. बाहेर क्लार्कने जिथे बोट ठेवलं तिथे नवऱ्याने सही केली. मी पर्स सांभाळत शेजारी उभी. गर्भाशय माझं, आणि मी पर्स सांभाळत होते.

रावेरजवळच्या केळीच्या पॅकिंग शेडमध्ये मी सुपरवायझर आहे. माझे वडील ट्रकवर घड चढवायचे. मी चाळीस बायांचं काम लावते. याद्या केल्याशिवाय मला चालत नाही. घरीसुद्धा दर रविवारी आठवड्याचा तक्ता लिहून फ्रिजवर लावते. दूध कोण आणणार, डबे कोण भरणार, देवाचा दिवा कोण लावणार. जुने तक्ते फाईलला लावते. घरातले हसतात. हसू देत. पोट दुखेल त्या दिवसाच्या रकान्यात फुली. अशा चौदा वर्षांच्या फुल्या.

पण पाळीची तारीख एकाही तक्त्यावर नाही. फ्रिजवरचा तक्ता आबा, म्हणजे माझे सासरे, रोज सकाळी चष्मा लावून वाचतात. दीर वाचतो. आलेले पाहुणे वाचतात. तो शब्द तिथे कोण लिहिणार? डॉक्टरांसाठीचा कागदही त्याच तक्त्यांवरून केलेला, आणि तो नवऱ्याच्या खिशातून जाणार होता. तिथेही मी नुसतं ‘पोट’ लिहिलं. एखादा डॉक्टर विचारायचा, “पाळी नियमित?” मी म्हणायचे, “हो.” खरंच नियमित होती. प्रश्न संपला.

ही चूक माझी. पण ती मला शिकवली कोणी, तेही मला माहीत आहे.

ऑपरेशनच्या आधीचा रविवार. दुपारी मी नसतानाच्या दिवसांचा तक्ता लिहायला बसले. दूध झालं, डबे झाले. मग लिहिलं, ‘दिवा : अक्का.’ अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे पाळीच्या चार दिवसांत सुनेने देवाला हात लावायचा नाही. म्हणून दर महिन्याला चार दिवस माझ्या जागी त्यांचं नाव पडतं.

हात तिथेच थांबला.

शेडमध्ये पेटीत डागाळलेली फणी निघाली, तर आम्ही केळ्याला दोष देत नाही. चिठ्ठी बघतो. कोणत्या बागेतला माल, कोणत्या दिवशी कापला. मागे मागे जात डाग कुठे लागला ते शोधतो. एका फणीसाठी एवढं करते मी. स्वतःसाठी केलं नव्हतं.

फाईल सोडली. पलंगभर तक्ते पसरले. जिथे जिथे ‘दिवा : अक्का’, तिथे तिथे पोटाची फुली. या वर्षी. गेल्या वर्षी. मुलगा लहान होता तेव्हा. फुल्या दोन दिवस आधी सुरू व्हायच्या आणि दिवा परत माझ्याकडे आला की थांबायच्या. गेल्या दोन वर्षांत त्या मधल्या दिवसांतही पसरल्या होत्या.

अक्का दारात आल्या. मी त्यांना दाखवलं.

“बठ्ठ्या बायास्नं पोट दुखस,” त्या म्हणाल्या. “तुनं काय नवं शे?”

“सगळ्याच बायांचं दुखतं, मग तुमचंही एवढं दुखायचं?”

त्या पलंगाच्या कडेला बसून एक एक तक्ता सारखा करायला लागल्या. मग खाली बघतच म्हणाल्या, “मी गोठामा जाईसन पडी ऱ्हाऊ. कोनले सांगू?”

मंगळवारी हॉस्पिटलमध्ये मला हिरवा झगा दिला. मी तो घातला नाही. तक्ते घेऊन सरळ डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले. नवरा मागून.

“सर, माझं दुखणं पाळीबरोबर येतं. चौदा वर्षांचं आहे हे. आधी आजाराचं नाव सांगा. मग काय काढायचं ते बोलू.”

“नाव घेऊन काय करणार? लोणचं घालणार?”

ज्युनिअर हसले. नवऱ्याच्या ओठांवरही हसू येऊ लागलं होतं.

मी त्याच्याकडे वळले. “तुम्ही हसू नका. आज नाही.”

तो थांबला.

“मी ऑपरेशन करून घेणार नाही,” मी डॉक्टरांना म्हटलं.

काउंटरवर रिपोर्ट मागितले. मुलगी घाबरली. “मॅडम, सर चिडतील.”

“चिडू द्या.”

माझी बहीण शिंदखेड्याला असते. तिने धुळ्याच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं. तिथे नवऱ्याला मी बाहेरच बसवलं. बाईंनी तक्ते वाचले, सगळे. मग विचारलं. त्या दिवसांत शौचाला बसलं की दुखतं? नवऱ्याजवळ गेल्यावर? कंबर, मांडी भरून येते? दुसरं मूल व्हायला वेळ लागला होता?

हो. हो. हो. हो.

मला रडू आलं नाही. राग आला. चार प्रश्न. चौदा वर्षांत कोणाला चार प्रश्न विचारता आले नाहीत, आणि मला आपणहून चार वाक्यं सांगता आली नाहीत.

तपासणी झाली. एमआरआय झाला. एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आत असतं तसं अस्तर बाहेर वाढतं. माझं बीजकोषावर होतं, आतड्यालाही चिकटलं होतं.

“नुसती पिशवी काढली असती तर?”

“आतड्यावरचं तिथेच राहिलं असतं,” बाई म्हणाल्या. “दुखणंही बहुधा राहिलं असतं.”

मी बरी झालेले नाही. गोळ्या चालू आहेत. दुर्बिणीतून ऑपरेशन करावं लागेल. नंतरही आजार परत येऊ शकतो, हे बाईंनी स्पष्ट सांगितलं आहे. काही दिवस शेडमध्ये मी उलट्या क्रेटवर बसून काम लावते. लोडिंगची माणसं विचारतात, “ताई, काय झालं?” मी आजाराचं नाव सांगते. ती गडबडतात. मी परत सांगते.

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. दर महिन्याला दोन दिवस पाय पोटाशी घेऊन पडते. शाळा बुडते. मागच्या आठवड्यात आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तिच्या डोक्यावरून तिच्या वडिलांना सांगितलं, “या वयात होतं असं. लग्न झालं की जाईल.”

नवरा काही बोलायच्या आत मी म्हटलं, “ती इथे बसली आहे. तिला विचारा.”

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. बाहेर पेशंट खोळंबले होते. मी जागची उठले नाही. मुलगी माझ्याकडे बघत होती. हळूच बोलायला लागली. अडखळत, पण स्वतःच्या तोंडाने.

माझी गेली तशी तिची चौदा वर्षं मी कोणालाही देणार नाही. तिला काही झालेलं नसेल, तर ‘काही नाही’ असं सांगा. पण तपासून सांगा. तोवर मी खुर्ची सोडणार नाही.