रणजितनं काढलेली माणसं

रणजितनं बँडमधून कुणालाही तोंडावर काढलं नाही. सकाळी फोन उघडावा आणि बँडच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून आपण गेलेलो दिसावं, एवढीच त्याची रीत. कुणी फोन करून विचारलंच तर म्हणायचा, "बँड म्हंजे मी हाय बे. बाकीचे येतेत, जातेत."

घाटनांदूरला त्याच्या वडिलांचं खताचं दुकान, भरपूर शेती आणि तालुक्याच्या राजकारणात वजन. पोरगा पुण्याला इंजिनिअर व्हायला गेला आणि पदवीऐवजी काळं गिटार आणि खांद्यापर्यंत केस घेऊन परत आला. दुकानामागच्या गोदामात त्यानं 'वज्रघात' हा हेवी मेटल बँड काढला. पंचक्रोशीत तसला दुसरा नव्हता, त्यामुळे आपण पहिल्या नंबरचे आहोत हे त्यानं त्याच दिवशी जाहीर करून टाकलं. लग्नाच्या वरातीत ताशा वाजवून माझे हात तयार होते, म्हणून मी ड्रमवर. इरफान बेस गिटार वाजवायचा. रणजितला मोजकेच कॉर्ड येत, तेही कच्चे. चुकला की तो आवाज वाढवायचा आणि वर आम्हालाच सांगायचा, "मेटल हाय हे. भजन न्हाई."

बँडमध्ये ऐकण्यासारखं काही होतं ते बाळूमुळे. बाळू कॉलेजात माझ्या बाकावर बसायचा. गाव दिंद्रुडच्या बाजूला, घरी मेंढरं. माळावर लांडगा हुसकावताना तो पोटातून जो आवाज काढायचा, तोच त्यानं गोदामात काढला आणि पत्र्यावरची पारवं उडाली. इरफाननं बेस खाली ठेवला. बाळू ओशाळून म्हणाला, "लई मोटा आला का?"

अंबाजोगाईला कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आम्ही वाजवलं. गाणं संपल्यावर पोरं बाळूच्या नावानं ओरडत होती. एका लोकल चॅनलवाल्यानं माईक धरला तोही बाळूपुढंच. रणजित शेजारी उभा राहून केस सारखे करत होता. त्याला कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी बाळू ग्रुपमध्ये नव्हता.

मी रणजितला विचारलं तर म्हणाला, "मेंढरामागचं पोरगं हाय. स्टेजवर शोभत न्हाई."

"काल तर शोभलं."

"तू ड्रम वाजव बे."

बाळूकडं साधा फोन होता, ग्रुपमध्ये त्याच्या नावानं होता तो भावाचा नंबर. त्याला ग्रुपचं काही कळलंच नाही. तो नेहमीसारखा दोन एसट्या बदलून प्रॅक्टिसला आला. रणजितनं दुकानातल्या नोकराकरवी निरोप दिला, आज प्रॅक्टिस नाही. तेव्हा मी गोदामाच्या शटरच्या आत होतो की बाहेर, असं लोक विचारतात. मी बाहेर होतो, बाळूसोबतच आलो होतो; त्याला काढल्याचं मला सांगवलं नव्हतं. आतून गिटारचा आवाज येत होता. बाळू थोडा वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, "आजबी चुकतोय." मग आम्ही दोघं स्टँडवर चहा प्यायला गेलो. माझं नाव ग्रुपमधून दुसऱ्या सकाळी गेलं.

पुढं रणजित स्वतःच गायला लागला. लातूरच्या एका स्पर्धेत दुसऱ्याच गाण्याला त्याचा घसा बसला. त्यानं माईकवरूनच साऊंडवाल्याला शिव्या दिल्या. इरफान त्याच दिवशी आपणहून निघाला, आता लग्नाकार्यात साऊंड लावतो. त्यानंतर आलेल्यांपैकी एक लॅबमध्ये रक्त तपासतो, एक विमा विकतो. मी शाळेत मास्तर झालो. वाजवायला कुणीच उरलं नाही तेव्हा रणजितनं केस कापले, पांढरे कपडे शिवले आणि तो युवा नेता झाला. या कामाला मात्र घसा लागत नाही, ओरडायला पोरं असतात.

बाळू पुण्याला गेला. आधी सिक्युरिटीत उभा राहिला, मग एका बँडनं त्याला उचललं. गेल्या वर्षी तो बँड परदेशात वाजवून आला आणि पेपरात फोटो छापून आला. लगेच घाटनांदूरच्या चौकात फ्लेक्स लागला. त्यावर बाळू बोटाएवढा आणि रणजित पुरुषभर.

सत्काराला मी गेलो, तो बाळूसाठी. रणजितनं भाषणात सांगितलं, "ह्या हिऱ्याला म्या घडवलं." बाळूनं माईक घेतला. शांतपणे म्हणाला, "दादांनी मला काढलं नसतं, तर मी पुण्याला गेलोच नसतो. त्यांचे उपकार हायेत." टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात रणजितनं वाजवल्या.

कार्यक्रमानंतर तो माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "चांगलं बोललं की पोरगं. निवडणुकीला आपला बँड पुन्हा काढू. गायला मी हायेच. तू ड्रमला ये."

"नाही येत."

"कावून बे?"

"तुला गाता येत नाही, रणजित. वाजवताही येत नाही."

तो हसला. मागं उभी असलेली त्याची पोरंही हसली. ती जरा जास्तच हसली. त्यानं वळून पाहिलं तशी सगळी खाली बघायला लागली. तेव्हा कुठं त्याला कळलं, की त्यांना हे आधीपासून ठाऊक होतं. त्यानं माझ्या खांद्यावरचा हात काढला आणि गाडीत जाऊन बसला.