सांबाराचा मांडव

मांडव जाऊन किती वर्षं झाली, पण त्याचे किस्से काही संपत नाहीत. आम्ही वर्ध्याजवळचे जुने सिंदी मेघेवाले कुठं भेटलो की एक जण सुरू करतो, दुसरा तिखटमीठ लावतो आणि कपातला चहा थंड होतो. मी सांगतो ते माझ्या डोळ्यांनी पाहिलेले. तिखटमीठ असलंच तर थोडंसं.

नागपूरला दीक्षा घेऊन आलो, त्याच्या पुढचा उन्हाळा. माझा शेजारी किसनभाऊ हिंगणघाटच्या एका जिनात कामाला होता. कापसाच्या धुळीनं त्याची छाती धरली, तसा तो नोकरी सोडून घरी आला आणि म्हणाला, "मे महिन्यात सांबार पिकवतो." सांबार म्हणजे आमची कोथिंबीर. वर्ध्याच्या उन्हात ती सकाळी वर येते नि दुपारी करपते. म्हणून तर लग्नसराईत तिचा भाव विचारायची सोय नसते.

बांबू रोवले, वर कपाशीची वाळकी पऱ्हाटी आणि पळसाचा पाला, चारी बाजूंना ओली पोती. झाला मांडव. भाऊची बायको, आमच्या सरजावहिनी, कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "माणसाच्या डोक्यावर धड छप्पर नाई, अन् सांबाराले मांडव!" मग त्यांनी निकाल दिला, "एक उन्हाळा तुमचा. नाई जमलं तर जिनात परत." भाऊ खोकत खोकत "हो" म्हणाला.

*

एका भरदुपारी तीन बैलबंड्या मांडवापुढं येऊन थांबल्या. उतरले वऱ्हाडी! हिरवा मांडव दिसला, लग्नघर हेच म्हणून त्यांनी बैलही सोडले. एका फेटेवाल्या आजोबांनी भाऊला विचारलं, "नवरी कुठं हाये?"

भाऊनं त्यांना आत नेऊन वाफे दाखवले. "हे नवरी. तिले उन्हाची हळद लागू नाई म्हणूनच मांडव टाकला."

आजोबा पोट धरून हसले. लग्न पुढच्या गावात होतं. जाताना त्यांनी दोन टोपल्या सांबार नेला. भाऊचं पहिलं गिऱ्हाईक ते.

*

मांडवातला गारवा गावाला कळला आणि दुपारी माणसं येऊन बसायला लागली. मग भाऊनं नियम केला, की जो बसेल त्यानं उठताना पोत्यांवर लोटाभर पाणी मारायचं. शेजारची भागाआजी तर सतरंजी घेऊनच यायची आणि दोन झोपांचे दोन लोटे मारायची.

एकदा जीपमधून शेतीखात्याचे साहेब आले. "आत टेंपरेचर किती?" त्यांनी विचारलं. भाऊ म्हणाला, "बसून पाहा ना, साहेब." साहेब बसले, मग आडवे झाले, उठले तेव्हा ऊन उतरलं होतं. भागाआजीनं त्यांच्या हातात लोटा दिला. साहेबांनी मुकाट्यानं पाणी मारलं.

*

वर्ध्याच्या बाजारात मोतीशेठचं दुकान. लग्नाचा किराणा आणि भाजी सगळी त्यांच्याकडून जायची. त्यांनी जुडी नाकाला लावली आणि खाली ठेवली. "सावलीतला माल. रंग है, बास नहीं."

भाऊ रागावला नाही. रोज एक जुडी फुकट ठेवून यायचा. "वास आला तर सांगजा, शेठ."

आठवडाभर जुडी शेठच्या घरी जात राहिली. मग एका सकाळी लांबूनच ओरडले, "किसन, घरवाली सांबारवडी के लिए बैठी है, तू आता कहाँ है?" त्याच दिवशी एका मोठ्या लग्नाचा सगळा सांबार त्यांनी भाऊला सांगितला.

*

त्या लग्नाच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी, वर्ध्याकडून वादळ आलं. पाला गेला, पऱ्हाटी गेली, पोती तर पाखरांसारखी उडाली. सांबार तेवढा उभा राहिला, पण दुसऱ्या दिवशीच्या उन्हात तो टिकणार नव्हता, हे सगळ्यांना दिसत होतं. सकाळी भाऊनं कपड्यांचं गाठोडं बांधलं. हिंगणघाटची गाडी नऊला होती.

तेवढ्यात भागाआजी एक पोतं घेऊन आली. "माह्या कौलावर अडकलं होतं." मग तिच्या मागून माणसं येतच राहिली. कोणाच्या गोठ्यात सापडलं, कोणाच्या बाभळीवर. पोरांनी पळस तोडून आणला. आमच्या वस्तीतले आले, गावातले आले. आजही त्या सकाळची आठवण आली की माझे हात आपोआप जोडले जातात.

सरजावहिनी उठल्या. "काऊन, कुठं निंगाले?" त्यांनी भाऊचं गाठोडं सोडून टाकलं. "पयले दाभण आणा."

आम्ही शिवत बसलो. पोती पुरेनात, असं वाटत असतानाच ती उरायला लागली. शेवटी घामानं निथळत सायकलवरून मोतीशेठ आले. कॅरिअरला एक पोतं, त्यावर त्यांच्याच दुकानाचा काळा शिक्का.

"उडत उडत दुकानात आलं," शेठ म्हणाले. "तुमचंच ना?"

वारा कुठून कुठं गेला, ते सगळ्यांना माहीत होतं. वहिनींनी पोतं हातात घेऊन झटकलं. कोपऱ्यातून मूठभर चण्याची डाळ खाली पडली.

"आमचंच हाये," वहिनी म्हणाल्या आणि दाभणात सुतळी ओवली.