प्लास्टिकच्या दस्त्याला लाकडी तळवा

साठ सालानंतर काही वर्षांनी मी दोह्यात एका कंपनीच्या पहारेकऱ्यांच्या शस्त्रकोठारात कारकून होतो. कोठारात लष्करी धाटणीच्या छप्पन्न रायफली होत्या, आणि त्यांचे अक्रोडी दस्ते, म्हणजे खांद्याला टेकवायचे लाकडी भाग, सांभाळायला एक सुतार. हे सुतार म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. दस्त्यांना जवसाचं तेल लावायचं आणि चिरलेले सांधायचे, एवढ्याच कामावर त्यांचा तिथे राहण्याचा परवाना होता. दस्ते लाकडी राहिले तरच ते राहणार. रत्नागिरीकडे त्यांच्या नव्या घराच्या भिंती उभ्या होत्या, छप्पर अजून चढायचं होतं.

दस्ते कशानं चिरत, तेही सांगतो. माझ्या तीन वर्षांच्या वहीत गोळी झाडताना चिरलेला एकही दस्ता नाही. एकोणीस तंबूचे खुंट ठोकताना, सहा कॉफीचे दाणे कुटताना आणि चार जीपखाली सापडून चिरले. एक, पहारेकऱ्याच्या जबानीप्रमाणे, आपोआप चिरला.

पुढे साहेबांनी प्लास्टिकचा एक दस्ता नमुन्याला मागवला आणि तुलना करायला मला सांगितलं. मी तराजू घेतला. लाकडी दोन पौंड अकरा औंस, प्लास्टिकचा दोन पौंड सहा. मग दोन्ही पाण्यात बुडवले, उन्हात ठेवले, सहा फुटांवरून सिमेंटवर दहा-दहा वेळा टाकले. लाकडी सातव्यांदा चिरला. प्लास्टिकच्या दस्त्यावर ओरखडादेखील नाही.

मेहुणे दारात उभे राहून पाहत होते.

"दुल्हेभाई, सातव्यांदा जरा हळू टाकला असतात तर?"

"भाईजान, सगळे सहा फुटांवरूनच टाकले."

"ते दिसलं. बहिणीला पत्रात कळवतो, तुझ्या नवऱ्यानं मला मोजून टाकलं."

मी अहवाल खरा लिहिला. सहा रकान्यांपैकी फक्त एकात लाकूड पुढे होतं: उन्हात हाताला चटका कमी. छप्पन्न प्लास्टिकचे दस्ते आले आणि मेहुण्यांना महिनाअखेरची मुदत मिळाली. ते रंधे पुसून पेटीत भरू लागले. माझ्याशी बोलणं जेवणाच्या ताटापुरतं उरलं.

नवे दस्ते लागले त्याच आठवड्यात तीन पहारेकरी पडले. दुपारी दोनला फाटकावर उभं राहायची आमच्याकडे एक पद्धत होती. रायफलीचा दस्ता सिमेंटवर टेकवायचा, दोन्ही हात आणि अंगाचा भार तिच्यावर द्यायचा आणि डोळे मिटायचे. त्या वेळी कारकूनही डोळे मिटत, त्यामुळे दोष कुणा एकाचा नाही. जुन्या दस्त्यांच्या बुडाच्या लोखंडी पट्ट्या केव्हाच गळून पडल्या होत्या, आणि उघडं लाकूड सिमेंटवर घट्ट बसे. प्लास्टिक सरकलं. तिसरा पहारेकरी तर साहेबांच्या गाडीपुढेच आडवा झाला. फाटकावरच्या रायफली रिकाम्या ठेवायचा नियम होता, हे नशीब.

साहेबांनी मला बोलावलं. "तुझ्या अहवालात हे का नाही?"

"साहेब, झोपेचा रकाना दिला नव्हता."

वरच्या कचेरीला झोप कशी कळवणार? साहेबांनी लिहिलं, 'दीर्घकाळ स्थिर उभे राहताना दस्ता अस्थिर होतो.' त्यावर उपाय म्हणून प्रत्येक प्लास्टिकच्या दस्त्याखाली अक्रोडाचा तळवा बसवायचं ठरलं. तळवा झिजला की बदलायचा. मेहुण्यांची मुदत रद्द झाली.

पहिला तळवा त्यांनी चांगला जाड केला, चार स्क्रू लावले. मी काढून तोलला. सहा औंस.

"म्हणजे?" मेहुण्यांनी विचारलं.

"पाच औंस वाचवले होते. आता रायफल पूर्वीपेक्षा एक औंस जड झाली."

"हेही लिहिणार?"

"लिहायलाच हवं."

त्यांनी तळवा परत बसवायला घेतला. मग म्हणाले, "लिहा. पण कागद साहेबांकडे दुपारी दोनला न्या."

मी दोनलाच नेला. साहेबांनी अर्धे डोळे उघडून सही केली. मेहुण्यांचा परवाना आणखी दोन वर्षांसाठी वाढला, आणि पुढच्या पावसाआधी घरावर कौलं चढली.