टिकलीकडे बघून बोला

कुणाच्या घरात रिकाम्या बाटल्या साठतात, कुणाच्या घरात जुन्या पिशव्या. आमच्या घरात इंटरव्ह्यूचे किस्से साठलेत. बंगळुरात मारतहळ्ळीला आमचा छोटासा पीजी आहे. पुण्या-नागपूरकडची आयटीतली मंडळी राहतात आणि दोन्ही वेळचं मीच रांधते. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, त्यामुळे माझ्या मराठीला सगळे हसतात. पण मला ‘अक्का’ म्हणायला मात्र शिकलेत!

घरात नेट चांगलं येतं ते जेवणाच्या खोलीत, आणि पांढरी भिंतही तिथेच आहे. म्हणून नोकरी गेलेला प्रत्येक जण शेवटी त्या भिंतीपुढे लॅपटॉप उघडून बसतो. शेजारी खिळ्याला एक निळा कोट असतो. कुणीतरी जाताना विसरला, आता तो सगळ्यांचा. वर कोट, खाली बर्म्युडा!

*

नागपूरच्या किरणची नोकरी सगळ्यात आधी गेली. त्याच्या पहिल्याच इंटरव्ह्यूला समोरचे साहेब म्हणाले, "लॅपटॉप फिरवून खोली दाखवा. उत्तरं सांगायला कुणी बसलेलं नाही ना?"

बिचाऱ्याने फिरवला. कोपऱ्यात जमिनीवर मी बसले होते.

"या कोण?"

"सर, अक्का."

"काय करतायत?"

"सर, मेथी."

मला बाहेर जावं लागलं. नोकरीही मिळाली नाही. रात्री जेवताना किरण म्हणाला, "भाजी मस्त झालीय अक्का. आज आपल्या दोघांत तुम्हीच पास!"

*

दुसऱ्या वेळी तो उत्तर देत असताना माझ्या कुकरने शिट्टी दिली. तो थांबला. परत सुरुवात केली, परत शिट्टी. तिसऱ्या वेळी तो बोलायचं काय होतं तेच विसरला.

तेव्हापासून घरात नियम झाला. इंटरव्ह्यू चालू असताना कुकर नाही. सगळे उपाशी बसायचे. मी म्हणायची, "स्वल्प थांबा, भात होईल."

एकदा कुणीतरी हळूच म्हणालं, "लवकर रिजेक्ट झाला तर वेळेवर जेवू!"

सगळ्यात मोठ्याने हसले ते मंदारराव. पुण्याचे, पन्नाशीकडे आलेले, आमच्याकडचे सगळ्यात जुने. त्यांनी तर त्याच रात्री बायकोला फोनवर रंगवून सांगितलं, "अगं स्मिता, इथे कुणाचा इंटरव्ह्यू असला की अक्का कुकरच लावत नाहीत. शिट्टी ऐकू आली नाही की समजायचं, आत कुणीतरी परीक्षेला बसलंय!"

तेव्हा त्यांची नोकरी होती.

*

त्यांची गेली तीही लॅपटॉपच्या पडद्यावरच. सकाळी मीटिंगला बोलावलं. खूप माणसं होती म्हणे. एक बाई बोलत होत्या, बाकी सगळ्यांचे माइक त्यांनीच बंद ठेवले होते.

दुपारी ते माझ्यापुढे ताट घेऊन बसले आणि म्हणाले, "अक्का, इतकी वर्षं झाली, निदान थँक यू म्हणावं म्हणून बटण शोधत होतो. तेवढ्यात कॉलच संपला."

मी म्हटलं, "सरी, असू दे, आधी जेवा."

*

घरी त्यांनी सांगितलं नाही. मुलीची बारावी होती. "परीक्षा होऊन जाऊ दे," म्हणाले, "तोपर्यंत मिळेलच काहीतरी."

रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून जेवणाच्या खोलीत बसायचे. एका दुपारी स्मिताताईंचा फोन आला आणि नेमकी शिट्टी झाली.

"ऑफिसात कुकर?"

"अगं, कँटीनमध्ये बसलोय!"

मी धावत जाऊन गॅस बंद केला. फोन ठेवल्यावर ते माझ्याकडे बघून हसले. तसं हसणं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

*

किरणला तोवर नोकरी लागली होती. इथेच, व्हाइटफील्डला. मंदाररावांची तयारी तोच करून घ्यायचा.

"काका, केस काळे करा."

"केले."

"काका, प्रत्येक वाक्यात सर नको."

"बरं सर."

आम्ही दोघं पोट धरून हसलो. पण त्यांची नजर सारखी खाली जायची. शेवटी किरणने माझ्याकडून एक टिकली मागून घेतली आणि कॅमेऱ्याच्या बाजूला चिकटवली. "काका, पडद्याकडे नाही, टिकलीकडे बघून बोला."

मंदाररावांनी सुरुवात केली आणि मध्येच थांबले.

"काय झालं काका?"

"अरे, टिकलीकडे बघितलं की समोर स्मिताच दिसते. मग मधले महिने काय करत होतो, ते कसं सांगू?"

किरणने टिकली काढली नाही.

*

एका कंपनीच्या इंटरव्ह्यूत समोर माणूसच नव्हता. पडद्यावर प्रश्न उमटायचा, खाली घड्याळ पळायचं, आपण बोलायचं. मंदारराव हात जोडून म्हणाले, "गुड मॉर्निंग!" आणि थांबले. उत्तर येईल म्हणून थांबूनच राहिले. पहिल्या प्रश्नाचा वेळ त्यातच संपला.

"अक्का," ते कोट खिळ्याला लावत म्हणाले, "नमस्कार तरी घ्यायला कुणीतरी हवं होतं."

*

मग एक खरा इंटरव्ह्यू आला. समोर खरी माणसं होती. मी कुकर भरून ओट्यावर ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. मंदारराव टिकलीकडे बघत होते. मधल्या महिन्यांचा प्रश्न आलाच. ते शांतपणे म्हणाले, "आय लॉस्ट माय जॉब." पहिल्यांदाच मी ते त्यांच्या तोंडून इतकं सरळ ऐकलं. "कळवतो," असं म्हणून समोरच्यांनी कॉल बंद केला.

जेवणाची वेळ केव्हाच टळली होती. ते तसेच कोट घालून बसून राहिले. कुकर ओट्यावर तसाच होता.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. स्मिताताई. मंदाररावांनी नेहमीसारखा स्पीकर लावला.

"ऑफिसात आहात?"

"हो, हो. मीटिंगमध्ये होतो."

"जेवलात?"

"नाही अजून. लांबली जरा."

पलीकडून त्या जणू आमच्या घराचा कानोसा घेत होत्या. मी स्मिताताईंना कधी एका शब्दाने काही सांगितलं नव्हतं, शपथ!

"संपली ना पण?"

"हो, संपली."

"बरं. मग अक्कांना म्हणावं, आता लावा कुकर."